कागद पांढरा, छायाचित्र करडे



बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. लोक त्याला कौतुकाने रजतनगरी म्हणतात. समई, निरांजन, ताट, पैंजण, देवाच्या मूर्ती अशा वस्तू घेण्यासाठी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते, वस्तू हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि मगच भाव विचारते. परंतु आज दूर शहरात बसलेले गिऱ्हाईक प्रथम पाहते ते मोबाइल फोनवरील छायाचित्र. त्याच्यापुरती ते छायाचित्र हीच वस्तू असते.

अशी छायाचित्रे बहुधा पांढऱ्या पार्श्वभूमीवर असतात. अमेझॉनसारख्या विक्रीसंस्थेचा तर नियमच आहे की, वस्तूच्या मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी. शुद्ध पांढरी म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा आकडा २५५.

समजा, तुम्ही चांदीचे एक निरांजन पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर ठेवले आणि छायाचित्र काढले. कागद डोळ्यांना चांगला पांढराशुभ्र दिसत होता. चित्रात मात्र तो करडा आला. मग तुम्ही संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उजेड वाढवला. कागद पांढरा झाला, पण निरांजनावरची नक्षी पुसली गेली आणि त्याची कड कागदात विरघळली. कारागिराने तासन्‌तास खपून कोरलेली वेलबुट्टी एका बोटाच्या सरकण्याने नाहीशी झाली! असे का व्हावे? आणि ते टाळता येईल का? या प्रश्नांची उत्तरे शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रात आणि साध्या गुणाकारात सापडतात.

पांढरा म्हणजे किती?

छायाचित्र लक्षावधी चित्रकणांचे म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. नेहमीच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा व निळा या रंगांसाठी ० ते २५५ यांपैकी एकेक आकडा नोंदलेला असतो. तिन्ही आकडे ० असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा, आणि तिन्ही सारखे पण मधले असले की करडा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. प्रकाश निम्मा झाला म्हणजे आकडा निम्मा होत नाही. आकडा ढोबळमानाने प्रकाशाच्या १/२.२ या घाताच्या प्रमाणात बदलतो. पूर्ण प्रकाशाला २५५ मानले, तर निम्म्या प्रकाशाला १८६, पाव प्रकाशाला १३६ आणि १० टक्के प्रकाशाला ९० हे आकडे येतात. गणकयंत्रावर हे पडताळून पाहा.

आता आपल्या डोळ्यांकडे वळू. आपला मेंदू प्रकाश मोजत नाही. तो तुलना करतो. चांगला पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो. आसपासच्या वस्तूंपेक्षा तो उजळ असतो, एवढे मेंदूला पुरते. म्हणून कंदिलाच्या उजेडातही कागद पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला अशी समजूत नसते. तो फक्त आलेला प्रकाश मोजतो.

करडेपणाची तीन कारणे

पहिले कारण कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकात आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाश किती आत घ्यावयाचा हे ठरवतो. या मध्यम करड्याला छायाचित्रकार १८ टक्क्यांचा करडा म्हणतात. झाडे, माणसे, घरे असलेल्या दृश्यात हे गृहीत बरेचसे खरे ठरते. परंतु चौकटभर पांढरा कागद असला की मापकाची फसगत होते. तो कागदालाच मध्यम करडा समजतो व प्रकाश कमी घेतो. १८ टक्क्यांना आकडा येतो सुमारे ११७. आजचे फोन दृश्य ओळखून यात काही दुरुस्ती करतात, पण मूळ प्रवृत्ती तीच राहते.

दुसरे कारण म्हणजे व्यस्त वर्गाचा नियम. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता एक चतुर्थांश होते. समजा, दिवा निरांजनापासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि मागचा कागद दिव्यापासून १०० सेंटिमीटरवर आहे. निरांजनाजवळचा कागद २५५ धरला, तर मागचा कागद १३६ येईल. आता दिवा दूर नेऊन निरांजनापासून २०० सेंटिमीटरवर ठेवा. मागचा कागद दिव्यापासून २५० सेंटिमीटरवर जाईल. तीव्रतेचे गुणोत्तर होईल २०० भागिले २५० याचा वर्ग, म्हणजे ०.६४. त्याचा आकडा २०८. कागद तोच, दिवा तोच. केवळ दिवा मागे सरकवल्याने १३६ चा २०८ झाला!

तिसरे कारण दिव्याचा रंग. साध्या तापदीप्त दिव्याचे रंगतापमान सुमारे २,७०० केल्विन असते आणि दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५०० केल्विन. दिव्याच्या प्रकाशात निळा भाग कमी असल्याने कागद पिवळसर येतो; सावलीत निळ्या आकाशाचा प्रकाश अधिक असल्याने तो निळसर येतो.

संपादन म्हणजे गुणाकार

संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लेव्हल्स नावाचे साधन असते. त्यात पांढऱ्याची खूण सरकवता येते. ही खूण २०० वर आणली, तर प्रोग्रॅम काय करतो? प्रत्येक आकड्याला २५५/२०० म्हणजे १.२७५ ने गुणतो. २०० चे २५५ होतात, १०० चे सुमारे १२८. गुणाकार २५५ च्या पुढे गेला तर तेथेच छाटला जातो.

दिव्याच्या रंगाची दुरुस्ती हाही गुणाकारच. फक्त तीन रंगांना तीन वेगळे गुणक लागतात. समजा, दिव्याखाली कागदाचे आकडे तांबडा २१०, हिरवा १९० आणि निळा १५० आले. तिन्ही २४० करावयाचे तर गुणक येतात १.१४, १.२६ आणि १.६. निळ्याला सर्वांत मोठा गुणक लागतो, आणि त्याबरोबर निळ्या रंगातील खरखरही तितकीच वाढते. शिवाय एका बाजूने खिडकीचा उजेड व दुसऱ्या बाजूने दिवा असेल, तर कागदाच्या दोन बाजूंना दोन वेगळे गुणक-संच लागतील. एकाच संचाने दोन्ही बाजू पांढऱ्या होणार नाहीत. म्हणून एका वेळी एकाच प्रकारचा प्रकाश वापरावा.

आता नक्षी का पुसली गेली ते पाहू. निरांजनावर एका उजळ ठिकाणी उंचवट्याचा आकडा २३० आणि शेजारच्या खोबणीचा २१० आहे, असे समजा. या वीस अंकांच्या फरकामुळेच नक्षी दिसते. कागद २०० वर आहे. १.२७५ ने गुणल्यावर २३० चे २९३ आणि २१० चे २६८ होतात. दोन्ही २५५ वर छाटले जातात. उंचवटाही २५५, खोबणही २५५! फरक संपला, म्हणजे नक्षी संपली. असे चित्र साठवल्यावर त्याला कोणत्याही संख्येने भागले तरी ती परत येत नाही, कारण २५५ मागे मूळ आकडा २३० होता की २१० होता हे सांगणारे काहीच चित्रात उरत नाही.

यावरून एक नियम निघतो. कागद हाच चित्रातील सर्वांत उजळ भाग असेल, तर एका गुणाकाराने तो निर्धोकपणे पांढरा करता येतो. वस्तूचा एखादा भाग कागदाहून उजळ असेल, तर एक गुणक पुरत नाही. अशा वेळी चित्राच्या वेगवेगळ्या भागांना वेगळी वागणूक द्यावी लागते. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत : वस्तू वेगळी काढणे

ही युक्ती फिल्मच्या काळापासूनची आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असे. प्रकाश पडलेल्या ठिकाणी, फिल्म धुतल्यावर, क्षारांतून धातुरूप चांदीचे सूक्ष्म कण मोकळे होत आणि ते काळे दिसत. निगेटिव्हचा काळेपणा म्हणजे चांदीच होय! निगेटिव्हवर जेथे काळे तेथे प्रकाश अडतो, आणि म्हणून कागदावरील प्रतीत ती जागा पांढरी राहते. हे जाणून रिटचिंग करणारे कारागीर बारीक कुंचल्याने वस्तूच्या कडेपर्यंत निगेटिव्हवर अपारदर्शक रंग भरीत. प्रतीत वस्तूभोवती स्वच्छ पांढरे मैदान उमटे.

आजच्या प्रोग्रॅममध्ये कुंचल्याऐवजी मास्क असतो. वस्तू आत, पार्श्वभूमी बाहेर, अशी सीमा आखली जाते आणि बाहेर सर्वत्र २५५ भरले जाते. खरी कसोटी असते ती सीमेवरच्या पिक्सेलची. तो अर्धा वस्तूवर व अर्धा कागदावर असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून येथे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आहेत असे धरू. वस्तूची कड २३० आणि कागद १५०, तर सीमेवरच्या पिक्सेलचा आकडा १९०. आता मागे २५५ आले. खरे तर या पिक्सेलचा आकडा २३० आणि २५५ यांची सरासरी, म्हणजे सुमारे २४३ व्हावयास हवा. तो १९० च राहिला, तर वस्तूभोवती करड्या दोऱ्यासारखी रेघ दिसते. घाईने कापलेली चित्रे ओळखू येतात ती या दोऱ्यामुळेच. चांगला प्रोग्रॅम प्रत्येक सीमापिक्सेलमध्ये वस्तूचा वाटा किती याचा अंदाज घेऊन जुन्या कागदाचा वाटा वजा करतो व नव्या पांढऱ्याचा मिळवतो.

या रीतीत आणखी एक धोका आहे. वस्तूखालची सावलीही कापली जाते आणि निरांजन हवेत तरंगल्यासारखे दिसते.

दुसरी रीत : रिकाम्या कागदाने भागणे

खगोलशास्त्रज्ञांनाही अशीच अडचण येते. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्यात सर्व पिक्सेल सारखे संवेदनशील नसतात आणि चौकटीच्या कडेला प्रकाशही कमी पोहोचतो. म्हणून एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे एक चित्र वेगळे घेतात आणि आकाशाच्या चित्राला त्या चित्राने पिक्सेलागणिक भागतात.

आपणही तेच करू शकतो. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवा व एक्स्पोजर स्थिर करा. प्रथम निरांजन ठेवून आणि नंतर निरांजन उचलून, अशी दोन छायाचित्रे घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागून २५५ ने गुणा. कागदाचा एक कोपरा दोन्ही चित्रांत १५० असेल, तर भागाकार १, म्हणजे २५५. दुसरा कोपरा दोन्हींत १९० असेल, तरी भागाकार १ च. उजेड कमीजास्त असला तरी सगळा कागद पांढरा होतो! निरांजनाखाली सावलीत ९० असेल आणि रिकाम्या चित्रात त्याच जागी १५० असेल, तर उत्तर १५३ येते. म्हणजे सावली टिकते आणि वस्तू जमिनीवर उभी राहते. गिंप या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रिकामे चित्र वरच्या थरात ठेवून थराची पद्धत डिव्हाइड अशी निवडली की हा भागाकार होतो.

मात्र येथेही अट तीच आहे. वस्तूचा जो भाग त्याच जागच्या कागदाहून उजळ असेल, तो २५५ वर छाटला जाईल. चांदीच्या बाबतीत हीच अट पाळणे कठीण जाते.

चांदीची अडचण

कागदावर प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते. दिव्याचा प्रकाश तो सर्व दिशांना विखुरतो. चकचकीत चांदीवर नियमित परावर्तन होते, आणि दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के प्रकाश ती परत पाठवते. याचा अर्थ, चांदीत आपल्याला चांदी दिसत नाही. आसपासच्या वस्तूंच्या प्रतिमा दिसतात. उघडा दिवा कागदाच्या अनेक पट तेजस्वी असतो. म्हणून चांदीतील त्याची प्रतिमाही कागदाहून कितीतरी तेजस्वी असते. यावर उपाय म्हणजे दिवा मोठा व सौम्य करणे. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा खिडकीवर पांढरे सुती कापड ताणून लावा. तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो, प्रत्येक ठिकाणचे तेज कमी होते आणि चांदीतील झगमगता ठिपका मऊ पट्ट्यात बदलतो. मग उंचवटा व खोबण यांतील फरक २५५ च्या आत राहू शकतो.

आता कड का विरघळते ते पाहू. पैंजणाचा एक गोल घुंगरू घ्या. तो म्हणजे लहानसा बहिर्गोल आरसाच. कॅमेऱ्याकडे जाणारी रेषा आणि घुंगरावरील एखाद्या बिंदूची स्तंभिका यांतील कोन ४५ अंश असेल, तर परावर्तनाच्या नियमानुसार त्या बिंदूत आपल्याला ९० अंशांवरची, म्हणजे अगदी बाजूची वस्तू दिसते. त्याहून बाहेरच्या बिंदूंत घुंगराच्या मागच्या वस्तू दिसतात. हा ४५ अंशांचा बिंदू केंद्रापासून किती अंतरावर असतो? त्रिज्येच्या साइन ४५ अंश पट, म्हणजे ०.७०७ पट. या वर्तुळाचे क्षेत्रफळ पूर्ण वर्तुळाच्या बरोबर निम्मे भरते. याचा अर्थ, घुंगराच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळापैकी बाहेरचा निम्मा भाग हे त्याच्या मागच्या बाजूचे चित्र असते! मागे सर्वत्र पांढरा कागद पसरला, तर हा भाग पांढराच येणार. पांढऱ्यावर पांढरे, मग कड दिसावी कशी?

येथे कोणताही प्रोग्रॅम हतबल होतो. यंत्रशिक्षणावर आधारलेली आजची साधने एका स्पर्शात पार्श्वभूमी काढून टाकतात. परंतु कडेवर वस्तू व कागद यांच्या आकड्यांत फरकच नसेल, तर त्यांना आकाराचा अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज सुबक दिसेल, पण ते निरांजन कारागिराने घडवलेले नसेल.

उपाय कॅमेऱ्यासमोरच करावयाचा आहे. पांढरा कागद चौकट भरेल एवढाच ठेवा आणि दोन्ही बाजूंना, चौकटीच्या लगेच बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा. घुंगराच्या मागच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंतच पांढरा कागद असेल, तर त्याचे प्रतिबिंब साइन ७५ अंश, म्हणजे त्रिज्येच्या ०.९६६ पटीच्या बाहेरच पडते. बाजूच्या कडांशी पांढरा भाग फक्त साडेतीन टक्के त्रिज्येचा उरतो आणि त्याच्या आत पुठ्ठ्याच्या प्रतिबिंबाची गडद रेघ उमटते. तीच वस्तूची सीमारेषा होय.

करून पाहा

चांदी नसली तरी घरातील स्टीलची वाटी चालेल. ड्रॉइंग पेपर भिंतीवरून टेबलावर वक्राकार उतरवा, म्हणजे मध्ये घडीची रेघ येणार नाही. त्यावर वाटी पालथी ठेवा. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून स्थिर करा. बहुतेक फोनवर पडद्यावर बोट दाबून धरले की एक्स्पोजर स्थिर होते. पुढील चार छायाचित्रे घ्या :

१. उघडा दिवा वाटीपासून ५० सेंटिमीटरवर.
२. तोच दिवा २०० सेंटिमीटरवर. (येथे एक्स्पोजर पुन्हा नव्याने स्थिर करावे.)
३. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. तो दिव्यापासून थोडा दूर ठेवा, तापू देऊ नका.
४. ट्रेसिंग पेपर व दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

प्रत्येक चित्रात प्रोग्रॅममधील रंग वेचण्याच्या साधनाने पाच ठिकाणचे आकडे वहीत टिपा : वाटीजवळचा कागद, मागचा कागद, सावली, वाटीवरचा सर्वांत उजळ ठिपका आणि वाटीची कड. कागद २०० ते २३० च्या दरम्यान आणि वाटीचा कोणताही महत्त्वाचा भाग कागदाहून उजळ नाही, असे चित्र मिळेपर्यंत दिवा व पट्ट्या हलवत राहा. मगच लेव्हल्स वापरा. चौथ्या चित्राला किती थोडी दुरुस्ती लागते, ते पाहून तुम्हांला नवल वाटेल.

शिक्षकांना एक सूचना. हा प्रयोग चार गटांत वाटून दिल्यास एका तासिकेत होतो, आणि व्यस्त वर्गाचा नियम, परावर्तनाचे नियम व गोलीय आरसे हे तिन्ही विषय एकदम उजळणीस येतात.

शेवटी एका मर्यादेची आठवण. कागदाचा करडेपणा हा प्रकाशाचा व मापकाचा दोष असतो. तो काढणे ही दुरुस्ती होय. पण चांदीवर चढलेला सल्फाइडचा काळपट थर, एखादा पोचा किंवा डाग संपादनाने पुसणे ही दुरुस्ती नव्हे, ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. पार्श्वभूमीचे आकडे बदलावेत. वस्तूचे आकडे शक्य तितके जसेच्या तसे राहू द्यावेत.

आता हे दोन प्रश्न स्वतः सोडवा. कागदाचा आकडा १५० असताना तो एका गुणाकाराने २५५ केला, तर वस्तूवरचे कोणत्या आकड्यापुढचे सर्व तपशील नष्ट होतील? आणि पांढऱ्या कापसाचे बोंड पांढऱ्या पार्श्वभूमीवर दाखवावयाचे असेल, तर त्याची कड दिसण्यासाठी दिवा कोठे ठेवाल? दुसऱ्या प्रश्नाला काळ्या पट्ट्यांचा उपाय का लागू पडत नाही, याचाही विचार करा.